वीतभर हिरवी वायर

सॉकेटचे स्क्रू काढून मी बोर्डाची पाटी पुढे ओढली आणि तिच्यामागून हिरवी वायर बाहेर आली.

आधी वाटलं, तुटली. मग टोक बघितलं. ते तुटलेलं नव्हतं, पक्कडीनं सरळ कापलेलं होतं, आणि कापलेल्या जागी तांबं काळं पडलं होतं. म्हणजे काप जुना होता. वायरीचं एक टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला नीट कसलेलं, दुसरं भिंतीतल्या पाइपात नुसतं खोचून ठेवलेलं. वीतभर तुकडा. पुढे काहीच नाही.

मी स्टुलावरून खाली उतरले. माझ्या पायाशी ते कपडे धुवायचं मशीन होतं. पोलीस त्याला हात लावू नका म्हणून सांगून गेले होते. त्याच्या शेजारच्या नळाला बांधलेलं फडकं अजून ओलं होतं. आदल्या दिवशी सकाळी साडेआठला, एक हात त्या मशीनवर आणि दुसरा त्या नळावर असताना या घरातल्या वैजूवहिनी शॉक लागून गेल्या होत्या.

घरातल्या तीन वायरींपैकी लालमधून वीज येते, काळीतून परत जाते. हिरवीतून एरवी काही जात नाही. ती थेट जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत पोचलेली असते. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती हिरवीतून जमिनीत जावी, फ्यूज उडावा, आणि माणूस वाचावा, एवढ्याचसाठी ती असते. मला हे आबांनी शिकवलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, केशव पांचाळ. आणि त्या इमारतीचं सगळं वायरिंग आबांनीच केलं होतं.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची, कराडची. मी पंचवीस वर्षांची होते. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून मला लायसन्स मिळालं त्याला दोन वर्षं झाली होती. आबांची नजर अधू व्हायला लागल्यापासून त्यांची बरीचशी कामं मीच करत असे. आम्ही मंगलदीप नावाच्या इमारतीत राहायचो. तळमजला धरून बारा घरं. ती बांधली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आबांचा जेवणाचा डबा घेऊन तिथे जायची. तोपर्यंत आमच्या भागात भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यावरून वायर नेत. आबांनी भिंतीला झिऱ्या पाडल्या, त्यात पाइप बसवले, वरून गिलावा केला आणि सगळी वायर भिंतीच्या पोटात घातली. बटणं तेवढी बाहेर. भिंतीवर एकही वायर दिसत नाही, हे बघायला लोक मुद्दाम यायचे. आबा त्यांना घरभर फिरवून दाखवायचे. मग बारापैकी तळमजल्यावरचं एक घर आम्हीच घेतलं.

थोरवे कुटुंब दुसऱ्या मजल्यावर. नवरा-बायको दोघंच. अरविंद थोरवे हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. वैजूवहिनी आमच्या जिन्यातल्या बायकांना शिवण शिकवायच्या, मोठ्यानं हसायच्या. मला लायसन्स मिळालं तेव्हा पेढे वाटत आईच्या आधी त्याच जिन्यावरून पळाल्या होत्या.

त्या गेल्या त्या दिवशी आबा सगळ्यात आधी वर धावले. फ्यूज त्यांनीच काढला. पोलिसांना त्यांनीच सांगितलं, "मशीनच्या मोटरीत दोष आहे साहेब. वायरिंग चोख आहे." मलाही घरी आल्यावर म्हणाले, "तू वर जाऊ नकोस. मी बघून आलोय सगळं."

पण बुधवारी दुपारी थोरवेसर स्वतः खाली आले. पाहुणे येत होते आणि घरात ना दिवा ना पंखा. आबा बाहेर गेले होते. मी विचार केला, बाल्कनीतला तो बोर्ड तेवढा सोडवून ठेवावा आणि बाकी घराचा फ्यूज घालून द्यावा. पाच मिनिटांचं काम. म्हणून मी स्टुलावर चढले होते.

तो तुकडा सोडवून मी पदराआड घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथला बोर्ड उघडला. हिरवी वायर तिथेही होती. दोन बोटांत धरून ओढली. आली. वीतभर.

बेडरूममध्ये. वीतभर.

आतल्या बोळात घराचा मुख्य बोर्ड होता. त्याचं झाकण काढलं. खालून, मीटरच्या खोलीतून वर आलेली अर्थिंगची जाड तार तिथपर्यंत होती. तिथून खोल्यांकडे निघालेल्या चार हिरव्या वायरी पाइपांच्या तोंडात गेलेल्या दिसत होत्या. मी चारही ओढल्या. चारही हातात आल्या. ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं दोन्हीकडची टोकं इतकी नीट लावली होती की कुणी झाकण उघडून बघितलं तरी त्याला वाटावं, सगळं जागच्या जागी आहे. मधली भिंत कोण फोडून बघणार?

सगळी टोकं मी होती तशी परत खोचली. स्क्रू जागेवर बसेना.

थोरवेसर दाराशी येऊन उभे राहिले. "काही सापडलं का गं शकू?"

"बघतेय," मी म्हणाले.  दिवे-पंखे चालू करून दिले आणि खाली आले.

संध्याकाळी आबा हातपाय धुऊन पाटावर बसले. आई भाकरी थापत होती. मी तो तुकडा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"आबा, हे थोरव्यांच्या बाल्कनीतल्या बोर्डात होतं."

मला वाटलं होतं, ते विचारतील, हे काय आहे. किंवा चिडतील, असं होणंच शक्य नाही म्हणतील. मनातून मला तेच हवं होतं. कुणीतरी नंतर येऊन हे केलं, असं काहीतरी त्यांनी सांगावं.

आबांनी तुकड्याकडे बघितलं, आणि विचारलं, "अजून कुणी बघितलं?"

आईचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

"आबा!"

"ओरडू नकोस. विचारलं तेवढं सांग."

"कुणी नाही."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता बोलायला लागले. काम संपत आलं होतं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. लाल-काळी वायर आली होती, हिरवीची बंडलं आलीच नव्हती. बिल्डर रोज डोक्यावर उभा. गिलावावाले, रंगवाले खोळंबलेले.

"मग म्हटलं, आत्ता टोकं लावून ठेवू. पाइप तर आहेतच की भिंतीत. बंडलं आली की आठ दिवसांत ओढून टाकू. तेवढ्यात लोक राहायला आले. घरं लागली. कुठं जाऊन कुणाचे बोर्ड उघडायचे? आज करू, उद्या करू..."

"अकरा वर्षं?"

"राहून गेलं शकू. तेव्हा होतं काय लोकांच्या घरात? एक पंखा, दोन दिवे."

"बाराही घरांत असंच आहे?"

ते गप्प राहिले. मी त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला.

"उद्या अकराला विद्युत निरीक्षक यायचेत," थोड्या वेळानं ते म्हणाले. "त्याआधी थोरव्यांच्या घरात खरी वायर ओढून घेऊ. सकाळी सातला वर गेलो तर होईल. मला आता पाइपाचं तोंड दिसत नाही, तुझी बोटं चालतात. मग एकेक करून सगळी घरं करू. दुरुस्ती म्हणायचं, तपासणी म्हणायचं. महिन्याभरात सगळी इमारत चोख होईल."

"आणि वैजूवहिनी?"

"त्या काय परत येणार आहेत का आता?" आबांचा आवाज फुटला. "बाकीच्या अकरा घरांतली माणसं तरी नीट राहतील. मला आत घालून त्यांचं काय भलं होणार आहे? सांग की."

 खरं तर त्यांचं म्हणणं मला पटलं. भिंतीत वायर नाही ही गोष्ट भयंकर होती आणि वायर घालणं हा त्यावरचा उपाय होता. मला तेवढंच दिसत होतं. आईनं पुन्हा भाकरी तव्यावर टाकली.

गुरुवारी सकाळी सातला आम्ही वर गेलो. आबांनी थोरवेसरांना सांगितलं, "काही दिवे अजून नीट लागत नाहीत, बघून घेतो." ते 'बरं' म्हणून हॉलमध्ये जाऊन बसले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. पाहुणे घाटावर विधीची चौकशी करायला गेले होते.

पाइपातून ओढायची पोलादी तार मी बाल्कनीच्या बाजूनं आत सरकवली. बोळातल्या मुख्य बोर्डापाशी आबा चाचपडत तिचं टोक शोधत होते. सापडल्यावर त्यांनी त्याला नवी हिरवी वायर बांधली, वरून टेप गुंडाळला आणि मला खूण केली. मी ओढायला लागले. अकरा वर्षांत पाइपात सिमेंटचा चुरा साठला होता. वायर इंच-इंच येत होती. अर्ध्यात आल्यावर अडकली.

"खडूची पूड घेऊन येतो, वायरीला लावू म्हणजे सरकेल," असं म्हणून आबा खाली गेले.

मी भिंतीला टेकून घाम पुसत होते. थोरवेसर चहाचा कप घेऊन आले. माझ्यासाठी त्यांनी स्वतः चहा केला होता. त्यात साखर नव्हती. मला कप देऊन ते तिथेच, बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले, मशीनकडे बघत.

"शकू, एक सांगू?" ते म्हणाले. "अजून कुणालाच सांगितलं नाहीये. तिच्या भावालासुद्धा नाही."

"बोला ना सर."

"मीच मारलं तिला."

मी कप खाली ठेवला.

"तिच्या रबरी स्लिपर होत्या. निळ्या. मशीन लावताना ती घालायचीच. परवा सकाळी माझी चप्पल सापडेना म्हणून मी तिच्या स्लिपर घालून दूध आणायला गेलो. वाटेत एक मित्र भेटला, गप्पा मारत उभा राहिलो. परत आलो तेव्हा..." त्यांनी हाताचा तळवा मशीनच्या दिशेनं उघडला आणि तसाच ठेवला. "अनवाणी होती ती. ओल्या फरशीवर. माझी वाट बघून तिनं मशीन लावलं असणार. तुझ्या आबांनी किती वेळा बजावलं होतं तिला, वहिनी, स्लिपर घातल्याशिवाय मशीनला हात लावू नका."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"आबांनी? कधी?"

"दिवाळीत. मशीन घेतल्या घेतल्या तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या ना. पत्र्याला हात लावला की झिणझिण. तिनं त्यांना मुद्दाम वर बोलावून दाखवलं. त्यांनी टेस्टर लावून बघितलं, बोर्ड बघितला. म्हणाले, नव्या मशीनला असतं थोडं, रबरी स्लिपर घालत जा, काही होत नाही. संक्रांतीला पुन्हा विचारलं तेव्हाही तेच. फार काळजीनं सांगायचे गं. आणि मी..."

 तोंडात शर्टाची बाही धरून ते हुंदके देत होते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

मी तिथून उठले. "पक्कड विसरले," असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले.

जिन्यात आबा भेटले नाहीत. ते मागच्या खोलीत खडू शोधत होते. आमच्या घराचं दार उघडं होतं. मी थेट फ्रीजमागच्या बोर्डापाशी गेले, फ्रीज पुढे ओढला, स्क्रू काढायला लागले. मी काय शोधत होते ते मला नीट माहीत होतं. मला तिथे वीतभर तुकडा हवा होता. आमच्या घरातही तो तसाच निघाला असता, तर आबा बेफिकीर ठरले असते, आळशी ठरले असते, पण आईला आणि मला त्यांनी त्याच भिंतींत ठेवलं होतं, म्हणजे त्यांना खरोखरच धोका कळला नव्हता, असं मी स्वतःला सांगू शकले असते. पत्र्यात वीज उतरलीय हा मुंग्यांचा अर्थ त्यांना लागला नाही, असंही सांगू शकले असते.

पाटी निघाली. हिरवी वायर दिसली. मी ती दोन बोटांत धरली आणि ओढली.

आली नाही.

हाताला वेढा देऊन पुन्हा ओढली. भिंतीत खोलवर काहीतरी घट्ट धरून बसलं होतं. वायर चकचकीत होती, थोरव्यांच्या तुकड्यापेक्षा जाड आणि नव्या जातीची. टेस्ट लॅम्पचं एक टोक लालला लावलं, दुसरं हिरवीला. दिवा लख्ख पेटला, म्हणजे वायर थेट जमिनीपर्यंत पोचलेली होती.

आई दारात येऊन उभी होती.

"ती कशाला खोलतेस?" ती म्हणाली. "ती वायर नवी आहे. फ्रीज आणला त्या साली तुझ्या आबांनी आपल्या सगळ्या घरात ओढलीय. दोन दिवस घालवले होते. तू शिबिराला गेली होतीस बघ."

फ्रीज ब्याण्णव साली आला होता. सात वर्षांपूर्वी.

मी फ्रीज तसाच सोडून वर गेले. थोरवेसर तोंड धुवायला आत गेले होते. मी बोळातल्या मुख्य बोर्डापाशी जाऊन पाइपातून अर्ध्यात आलेली नवी वायर उलटी ओढून बाहेर काढली, गुंडाळली आणि माझ्या पिशवीत तळाशी घातली. पोलादी तारही काढली. पिशवीत ठेवलेला जुना वीतभर तुकडा बाल्कनीतल्या सॉकेटला पुन्हा कसला.

आबा खडूची पूड कागदात घेऊन आले तेव्हा मी पाटी बंद करत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. मग रिकामा पाइप, गुंडाळलेली तार बघून म्हणाले, "काय केलंस हे?"

"आपल्या घरातला बोर्ड उघडला आबा."

 खडूचा कागद त्यांच्या हातात होता आणि पूड हळूहळू फरशीवर सांडत होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग ते माझ्या अगदी जवळ आले. "शकू, साडेदहा वाजलेत. अजून वेळ आहे."

"मी ओढणार नाही."

"बाप आहे मी तुझा."

"हो," मी म्हणाले.

निरीक्षक बरोबर अकराला आले. बारीक चणीचे, चष्मा लावलेले गृहस्थ, सोबत एक हवालदार. त्यांनी मशीन बघितलं, मग बोर्डाची पाटी उघडली आणि हिरव्या वायरीला हात घातला. तुकडा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उजेडाकडे धरून दोन्ही टोकं बघितली.

"हे काम कुणाचं?"

"माझं," आबा म्हणाले. "पण वायर पूर्ण होती साहेब. काल माझी मुलगी इथे बोर्ड उघडून बसली होती. तिच्या हातून तुटली असणार. नवीन आहे ती कामात."

थोरवेसर माझ्याकडे बघायला लागले. हवालदारही. आयुष्यात मला अनेकदा धक्के बसलेत, वीज हाताळणाऱ्याला ते चुकत नाहीत. पण त्या वाक्याइतका मोठा एकही नव्हता. आबा सराईतपणे बोलत होते. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

निरीक्षकांनी मला विचारलं, "तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"आहे."

"मग तुम्ही सांगा."

"वायर तुटलेली नाही," मी म्हणाले. "टोक काळं आहे, काप जुना आहे. या घरातला कुठलाही बोर्ड उघडा, असंच दिसेल. बारापैकी अकरा घरांत असंच आहे. तळमजल्यावरच्या एका घरात पूर्ण वायर आहे. ते आमचं घर."

त्यांनी स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला. मग समोरच्या बिऱ्हाडातला. मग वरच्या मजल्यावरचे दोन. आबा थोरव्यांच्या बोळात, खाली जमिनीवर बसून राहिले. शेवटी निरीक्षक आमच्या घरी गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले. त्यांनी आबांना काही विचारलं नाही. लिहायला बसले.

तोवर जिन्यात सगळी इमारत जमली होती. कुणी ओरडत नव्हतं. बायका एकमेकींना हळू आवाजात विचारत होत्या, कुणाकुणाला मुंग्या यायच्या. चौघींना यायच्या. चौघींनाही आबांनी स्लिपर घालायला सांगितल्या होत्या.

थोरवेसर निरीक्षकांसमोर येऊन उभे राहिले. "साहेब, तिच्या पायात स्लिपर असत्या तर?"

निरीक्षकांनी लिहायचं थांबवलं. "गुरुजी," ते म्हणाले, "घरात कपडे धुताना माणसाला जीव वाचवायला स्लिपर लागाव्यात, हे काय घर झालं का? तुमचा यात काहीही दोष नाही. हे मी लिहून देतो पाहिजे तर."

थोरवेसरांनी मान डोलावली. पुन्हा डोलावली. मग आबांच्या समोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "परवा तिला उचलताना तुम्ही माझ्याबरोबर होतात ना?" आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेले.

पुढच्या महिनाभरात अकरापैकी बहुतेक घरांत मी वायर ओढली. काहींनी मला दारात उभं केलं नाही, दुसरा माणूस आणून काम करून घेतलं, मी काही म्हटलं नाही. आबांचं लायसन्स गेलं, गुन्हा दाखल झाला. जामिनावर ते घरी होते, पण आम्ही तोवर ते घर सोडून दुसरीकडे भाड्यानं राहायला गेलो होतो. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. आबा अजिबात नाही.

एकदाच बोलले. मी विचारलं म्हणून. एका दुपारी ओट्यावर बसले होते. मी म्हणाले, "ब्याण्णव साली आपल्या घरात वायर ओढलीत. तेव्हा वरच्या लोकांचं मनात आलं नाही का?"



"आलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बंडल घेऊन जिना चढलोसुद्धा. पहिल्याच घरात त्या कुलकर्णीणबाईंनी विचारलं, हे कशाचं काम काढलंत केशवराव? काय सांगणार? आत्तापर्यंत नव्हतीच म्हणून? रोज जिन्यात हात जोडायची माणसं. म्हटलं, काही नाही, पंखा बघायला आलो. पंखा पुसला आणि खाली आलो." मग थोडं थांबून, "त्यानंतर बंडल घेऊन जिना चढवेना."

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. मी सरकारी साक्षीदार होते. सगळं सांगितलं. उलटतपासणीला आबांचे वकील उठले.

"बुधवारी दुपारी तुम्हाला हे कळलं. निरीक्षक आले गुरुवारी अकराला. गुरुवारी सकाळी सात वाजल्यापासून तुम्ही मयताच्या घरात होतात. चार तास तिथे काय करत होतात?"

मला हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. माझ्या पिशवीत तळाशी गुंडाळून ठेवलेली ती नवी वायर आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हती. थोरवेसरांना त्यातलं कळत नव्हतं. ते समोरच बसले होते. न्यायाधीश माझ्याकडे बघत होते. थोरवेसर जर त्या दिवशी चहा घेऊन बाल्कनीत आले नसते, तर मी खडूची पूड लावून ती वायर ओढून पूर्ण केली असती, पाटी बंद केली असती, आणि अकरा वाजता आबांच्या शेजारी उभी राहून म्हटलं असतं, वायरिंग चोख आहे.

"दिवे लागत नव्हते," मी म्हणाले. "ते सुरू करून देत होते."

आबा आरोपीच्या जागी बसले होते. त्यांच्या एका शब्दानं माझी साक्ष कोसळली असती. वकील त्यांच्याकडे वळून वाट बघत उभे राहिले, चांगले मिनिटभर. मी आबांकडे बघत होते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. वकिलांनी खांदे उडवले आणि खाली बसले.

आबांना दीड वर्षाची शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते फार जगले नाहीत. ते गेल्यावर आईनं मला सांगितलं, साक्षीच्या आदल्या दिवशी, त्या चार तासांचा संशय आल्यामुळे, वकील घरी येऊन तासभर त्यांच्या मागे लागला होता. पोरगीही वायर ओढत होती, एवढं फक्त कोर्टात म्हणा, निम्मा खटला इथेच पडतो. आबा त्याला म्हणाले होते, "तिनं तसलं काही केलं नाही."

थोरवेसर आता साताऱ्याला असतात. दर दिवाळीला मला त्यांनी काढलेल्या चित्राचं कार्ड येतं, आत लिहिलेलं असतं, 'तुझ्या खरेपणाबद्दल कृतज्ञ.' मी प्रत्येक कार्डाला उत्तर पाठवते. त्या चार तासांबद्दल त्यात अजून कधी लिहिलेलं नाही.